झोपेचे भय

भयपटांविषयी आपल्या वाचकांचे मत फारसे अनुकूल नाही, आणि सुऱ्या परजणाऱ्या चित्रपटांविषयी तर मुळीच नाही, हे मी जाणून आहे. तरीही वेस क्रेव्हन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. वीस लाख डॉलरहूनही कमी खर्चात तो तयार झाला. रक्तपात त्यात पुष्कळ. क्वचित तो हास्यास्पदही होतो. परंतु मूळ कल्पना दिवा मालवताना हटकून आठवावी अशी आहे. एका वस्तीतील मुलांना स्वप्नात एकच माणूस दिसतो, भाजलेल्या चेहऱ्याचा, बोटांवर पाती चढवलेला. आणि स्वप्नात तो ज्याला मारतो, तो अंथरुणातही मरतो. सुरेवाल्यापासून पळता येईल, झोपेपासून कोठे पळणार?

नॅन्सी नावाची मुलगी कॉफी पिऊन जागत राहते. आई तिला झोपण्यासाठी विनवते, खिडक्यांना गज बसवून घेते. खरी हकिकत तळघरात, फार उशिरा, कळते. बालकांची हत्या करणारा फ्रेड क्रूगर न्यायालयातून सुटला, कारण झडतीच्या वॉरंटवर योग्य जागी सही राहिली होती. (आयुष्यभर सरकारी फायली चाळलेल्या माझ्यासारख्याला सबंध चित्रपटात हीच गोष्ट सर्वांत भयानक वाटली.) मग पालकांनी मिळून त्याला जाळले, आणि मुलांजवळ अवाक्षरही काढले नाही. रामसे बंधूंनी ‘महाकाल’मध्ये (१९९४) हाच मालमसाला वापरला, त्याविषयी न बोललेले बरे.

ही कथा क्रेव्हनला वृत्तपत्रांतील बातम्यांवरून सुचली. लाओसच्या डोंगराळ भागातील ह्मोंग लोक १९७५ नंतर निर्वासित होऊन अमेरिकेत आले. त्यांच्यातील धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेतच दगावू लागले. १९८१च्या सुमारास असे मृत्यू सर्वाधिक झाले. झोपायला घाबरणाऱ्या, खोलीत कॉफी लपवून ठेवणाऱ्या एका तरुणाची बातमी वाचल्याचे क्रेव्हनने सांगितले आहे. १९९२मध्ये ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या ठोक्यांतील एक दोष वर्णिला, आणि अशा अनेक मृत्यूंचा संबंध पुढे त्याच्याशी जोडला गेला. ह्मोंगांची स्वतःची समजूत निराळी होती. रात्री छातीवर बसणारे एक भूत ते जाणत. त्याला आवरण्याचे पूर्वजांचे विधी परमुलखात यथासांग होत नव्हते.

हे वाचताना मला आमची आत्या आठवली. १९४८च्या धामधुमीत, बारा-तेरा वर्षांची असताना, आजोबांबरोबर ती मराठवाड्यातील गाव सोडून हैदराबादला आली. माझ्या लहानपणी, म्हणजे वीस वर्षे लोटल्यावरही, ती मध्यरात्री किंचाळून उठे. आजी उशीखाली अडकित्ता सरकवी, पाणी पाजी, अंगारा लावी आणि म्हणे, “नीज आता, काही नाही.” सकाळी आम्ही मुलांनी विचारले की वडील म्हणत, “पोटात गडबड असेल.” गावात काय घडले, धाकटा काका कोठे राहिला, हे आजोबांनी सांगितले नाही, आजीने नाही, वडिलांनीही नाही. आज त्यांपैकी कोणी हयात नाही.

आत्या १९९७ साली गेली. तोवर माजघरातला दिवा रात्रभर जळत असे. विजेच्या एकेका युनिटचा हिशेब ठेवणारे माझे वडील त्या दिव्याविषयी मात्र कधी बोलले नाहीत.