दिवेलागणीला जाणारं नेट

कॉम्प्युटर इंजिनिअर झालेल्या माणसाला दोन पदव्या मिळतात. एक विद्यापीठ देतं, ती फ्रेम करून हॉलमध्ये लागते. दुसरी घरचे देतात: "आमच्या हिला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं." पहिली पदवी चार वर्षांत मिळाली, दुसरी पहिल्याच सेमिस्टरला. मी ऑफिसात एका पेमेंट सिस्टिमचा छोटासा कोपरा सांभाळते. त्याचा आणि घरचा मोडेम का रुसतो याचा संबंध तेवढाच, जेवढा दातांच्या डॉक्टरचा गुडघेदुखीशी. पण हे घरच्यांना कोण सांगणार? आणि खरं सांगू का, मला ते काम आवडतं. ऑफिसात बग सुटला की तिकीट बंद होतं. घरी बग सुटला की शिरा मिळतो.

तर मंडळी, यावेळचं प्रकरण जरा गंभीर होतं.

माझी आई शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये न्यू जर्सीतल्या मामेभावाच्या मुलीला तिनं व्हिडिओवरून बाराखडी शिकवायला घेतली. एकीची दोन झाली, दोनाची नऊ. टोरांटोची दोन भावंडंही आली. शनिवार-रविवार तिकडे सकाळचे साडेआठ वाजले की आईचा वर्ग सुरू. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहा आणि थंडीत सात, कारण ते लोक घड्याळं पुढेमागे करतात. (आईच्या मते हा वेडेपणा आहे. माझ्याही.) मोबाईल तिला चालत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक पडद्यावर नऊ चेहरे तिला दिसत नाहीत, आणि 'ळ' म्हणताना पोराची जीभ कुठे जाते हे बघितल्याशिवाय ती पुढच्या अक्षराकडे जात नाही.

नवाची संख्या गेल्या वर्षभरात पाचावर आली. दर वर्गाला नेट जायचं. शेवटी जानेवारीत फोनवर आई म्हणाली, "आता बंद करते मी हा वर्ग. वय झालं. मला नाही जमत हे नेटबिट."

हे वाक्य मला खटकलं. मोडेमचा दिवा लाल होतो आणि वय आईचं होतं, हा कुठला हिशोब?

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याहून सांगलीला गेले.

शनिवारी सकाळी आधी कॉम्प्युटर बघितला. तो २०१३चा आहे. मॉनिटरच्या कडेला बाबांनी एक कागद चिकटवलाय. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे अक्षर असं की छापलंय असं वाटावं:

१) भिंतीचं बटण. २) सीपीयूचं बटण. ३) एफ-वन. ४) थांबा. ५) तारीख घालणे.

चौथ्या कलमाला वेळ किती, हे लिहिलेलं नव्हतं. मी मोबाईलवर मोजला. बटण दाबल्यापासून ब्राऊझर उघडेपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद. बाबा तेवढ्यात अंघोळ उरकून देवांना फुलं वाहून येतात. "चालतंय की! घाई कुणाला आहे?" माणूस यंत्राला किती सांभाळून घेतो, हे बघायचं असेल तर निवृत्त माणसाचा कॉम्प्युटर बघावा.

मला जास्त रस तिसऱ्या आणि पाचव्या कलमात होता. रोज एफ-वन का दाबावं लागतं? आणि रोज तारीख का घालायची? बाबा म्हणाले, "नाही घातली तर नेट चालत नाही." हे ऐकून कॉल सेंटरवरचा मुलगा हसला होता म्हणे. पण बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं!

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो मेला की प्रत्येक वेळी कॉम्प्युटर आपल्या जन्मसालात जाऊन उठतो. आमचा रोज १ जानेवारी २०१३ला उठायचा, 'सेटिंग हरवली आहेत, पुढे जायला एफ-वन दाबा' म्हणत अडून बसायचा. आता ब्राऊझरचं बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाईट आपलं सर्टिफिकेट दाखवते आणि त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असं लिहिलेलं असतं. २०१३ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला ते सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं, आणि तो दार उघडायला नकार देतो. म्हणजे नेट चालू, वायर ठीक, मोडेम ठीक, तरी एकही पान उघडत नाही. तारीख घातली की सगळं सुरळीत.

सेल मेला का, याचं उत्तर पहिल्या कलमात होतं. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीचं बटण चालू असेल, तर घड्याळाला लागणारी वीज तिथूनच मिळते आणि सेल जवळजवळ खर्च होत नाही. आमच्याकडे वापर संपला की भिंतीचं बटण बंद, हा कायदा. बाबांच्या पिढीला त्यात दोष देता येणार नाही. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते आमच्या घरी पोचेपर्यंत काही वर्षं गेली, पण पोचलं तेव्हाही ते डायल-अपच होतं. शिट्ट्या मारत, घरघरत जोडलं जायचं. जोडलेल्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे. तेव्हा नेट 'असायचं' नाही, नेट 'लावायचं' असायचं, आणि काम झालं की तातडीनं काढायचं. आई अजूनही 'नेट लाव' म्हणते. बटण बंद करायची सवय त्याच काळातली. मी हिशोब करून दाखवला: बंद कॉम्प्युटरला दोन वॅट लागतात असं धरलं तर वर्षाला साडेसतरा युनिट. बाबांनी तो हिशोब स्वतः परत केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मोठ्या गडगडाटात बंद करणार." मान्य.

राहिलं चौथं कलम, 'थांबा'. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर आरामात आणि डिस्क सतत शंभर टक्के. जुनी फिरती हार्डडिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते. ऐकायला दणदणीत वाटतं, पण एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. त्यात डोकं योग्य जागी नेण्याचा वेळ मिळवा. इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाईली वाचायच्या तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचन होतं, संपलं. आणि सुरू होताना तर हजारो बारीक फाईली लागतात. बाबांना सांगितलं, "तुमच्या ऑफिसात एकच शिपाई होता आणि तो एका वेळी एकच फाईल आणायचा, तसं." बाबा म्हणाले, "आमचा तर तीही आणायचा नाही." एसएसडीमध्ये फिरायला काही नसतं, त्यामुळे तिथे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. कुणी जुन्या मशिनसाठी रॅम घेऊ की प्रोसेसर बदलू असं विचारलं, तर आधी डिस्क बघा. 'पीसी क्लीनर' नावाची सॉफ्टवेअरं तर चुकूनही टाकू नका. शिपाई एकच, आणि त्याच्यामागे झाडू घेऊन दुसरा लावून दिला, असं होतं ते.

दुकानातून सेल आणि एसएसडी आणला. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय आणि विंडोज ११ या वयाच्या मशिनला अधिकृतपणे स्वीकारत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकलं. मेनूचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात आहे एवढं बघून बाबांनी मंजुरी दिली.

हे इन्स्टॉल होत होतं तेव्हा बाबांनी आणखी एक वही काढून दिली. मी बघतच राहिले! धरणाच्या पातळीची नोंद ठेवावी तशी नेटची नोंद. 'नेट गेले ५.५५. आले ८.५०.' चौदा महिन्यांची. नेटवाल्यांचा माणूस चार वेळा येऊन गेला, त्याच्याही नोंदी: 'स. ११.१५. मीटर लावला. सिग्नल ठीक म्हणाला.'

मी चहा घेत पानं उलटत होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेट जातंय पाच पन्नास, पाच पंचावन्न, सहा पाचला. मे महिन्यात सात, सात दहाला. म्हणजे सूर्यास्ताबरोबर सरकतंय! पावसाळ्यात मात्र ताळतंत्र नाही, भर दुपारीही गेलंय. त्यावरून सगळ्यांनी 'केबलमध्ये पाणी जातं' असा निष्कर्ष काढला होता. आणि मार्चमध्ये सलग आठ दिवस नेट एकदाही गेलेलं नाही.

"बाबा, मार्चमध्ये काय वेगळं होतं?"

"काही नाही. तुझी आई इचलकरंजीला गेली होती, मावशीकडे." मग हसून म्हणाले, "तेव्हापासून आम्ही म्हणतो ना, ही घरात नसली की नेट जात नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असेल बाई माझ्याच हातात काहीतरी." ती हसत नव्हती. वर्षभर घरात चाललेली ही चेष्टा तिनं कधीतरी खरी मानून टाकली होती, हे मला तेव्हा कळलं.

आता सांगा, दिवस मावळताना आई असं काय करते, जे पाऊस आल्यावरही करते आणि बाबा एकटे असताना करत नाहीत?

खिडक्या लावते. डास!

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत घराला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. वही सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. फायबरची पांढरी वायर हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून आत येते. काच उघडी असताना ती मोकळी असते. काच पूर्ण सरकवली की चौकट तिला चिमटीत धरून काटकोनात वाकवते. फायबरमधून वीज नाही, प्रकाश जातो. तो काचेच्या तंतूच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. तंतू फार वाकला की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. कडेने वळवायला बनवलेल्या फायबरलाही साडेसात मिलिमीटरची त्रिज्या लागते, साध्या फायबरला तीस. आमच्या खिडकीत त्रिज्या म्हणावी असं काही उरलंच नव्हतं.

चार वाजता, लख्ख उन्हात, मी मोडेमचं सेटिंगचं पान उघडून बसले आणि आईला म्हणाले, "लाव खिडकी."

"आत्ता? डास कुठेत आत्ता?"

"लाव गं."

उघडी असताना प्रकाशाचा आकडा होता उणे २१. काच सरकली आणि आकडा उणे ३० झाला. मोडेमला उणे २७च्या खाली नीट दिसत नाही. दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो, म्हणजे नऊ अंकांत आठपट कमी. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला. काच उघडली, मिनिटाभरात नेट परत. आम्ही हे पाच वेळा केलं. पाचव्यांदा आईने स्वतःच मागून घेतलं, "थांब, मी परत लावते." लाल. उघडली. हिरवा. मग ती सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या हातानेच जात होतं की!"

"डासांमुळे जात होतं," मी म्हटलं. "तू नसतीस तर बाबांना डेंग्यू झाला असता."

नेटवाल्यांच्या माणसाचंही चुकलं म्हणता येणार नाही. तो सकाळी अकराला यायचा, तेव्हा खिडकी उघडी, मीटरचा आकडा उत्तम. रोग संध्याकाळचा आणि तपासणी सकाळची. पण 'दिवेलागणीला जातं हो नेट' असं आई प्रत्येकाला सांगत होती. ते वाक्य तक्रार नोंदवणाऱ्यांच्या फॉर्ममधल्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. तिथे पर्याय दोनच: 'स्लो' किंवा 'बंद'.

सात वाजायला तीन तास होते. बाबांनी पट्टी काढली, माप घेतलं आणि जुन्या पोळपाटाच्या पायाचा एक ठोकळा कापला. दीड बोट जाड, मधून वायर जाईल अशी गोल खाच, कडा कानसीने घासलेल्या. तो चौकटीत बसवला, उरलेल्या फटीत स्पंज. इतकी नेमकी वस्तू मी ऑफिसात कधी रिलीज होताना बघितलेली नाही. मंगळवारी नेटवाल्यांचा माणूस मुद्दाम साडेसहाला बोलावला आणि बाबांनी त्याला ठोकळा काढून, काच सरकवून, दिवा लाल करून दाखवला. त्याने वायर भिंतीतल्या भोकातून फिरवली आणि बशीएवढं सैल वेटोळं ठेवलं. ठोकळ्याचा फोटो मात्र काढून घेऊन गेला.

त्या शनिवारी सात वाजता कॉम्प्युटर एकतीस सेकंदांत उठला. बाबा अंघोळीचा टॉवेल घेऊन उभेच राहिले (वर्गाआधी दुसरी अंघोळ, ही त्यांची जुनी पद्धत). खिडकी बंद, डास बाहेर, पाच पोरं पडद्यावर. तासभर 'बाळ', 'माळ', 'काळा कावळा' चालू होतं. टोरांटोच्या धाकट्याला 'ळ' अजून येत नाही. आई त्याला सांगत होती, "अरे, जीभ वर वळव, वर. घाई नाही करायची."

वर्ग सोडून गेलेल्या चार मुलांच्या आयांना आईने रात्री निरोप पाठवला. दोघींचं उत्तर आलंय. बाबांनी वहीत त्या दिवशी लिहिलं: 'नेट गेले नाही.' त्यानंतर रोज तेच लिहितायत.