पाणलोटाच्या माथ्यावर

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात बालाघाटच्या डोंगररांगेवर पसरलेला पाटोदा तालुका महाराष्ट्राला ठाऊक असतो तो बहुधा दुष्काळाच्या वार्तांमधून. म्हणूनच, मोटारघर घेऊन मराठवाड्याच्या सफरीस निघालेल्या आम्ही उभयतांनी भाद्रपदातील एक अख्खा दिवस या मुलखासाठी राखून ठेवला, तेव्हा स्नेहीजनांना त्याचे मोठे नवल वाटले होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून अशा वाहनांची आपल्याकडेही ओळख होऊ लागली आहे. शय्या, शेगडी आणि पाण्याची टाकी सोबत असल्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी अमुक एका गावी पोहोचलेच पाहिजे, हा प्रवाशाच्या मागचा तगादा सुटतो, आणि जेथे मन रमेल तेथे थांबण्याची मोकळीक मिळते.

प्रातःकाळी आम्ही नायगावच्या मयूर अभयारण्याच्या कडेने हळूहळू निघालो. १९९४ साली घोषित झालेले, सुमारे तीस चौरस किलोमीटरांचे हे रान घनदाट नव्हे. बोरी-बाभळी, सीताफळीची झुडपे आणि मध्येच गवताचे माळ, असे त्याचे विरळ, कोरडवाहू रूप आहे. परंतु पावसाने न्हालेल्या त्या टेकड्यांतून मोरांची केका एका उतारावरून उठावी आणि तिला समोरच्या उतारावरून उत्तर यावे, असा प्रहरभर चाललेला तो संवाद ऐकताना आम्हांस न्याहारीचीही आठवण राहिली नाही. पुढे एक मोर रस्त्यालगतच्या बांधावर आला आणि आमच्याकडे लक्ष न देता पिसारा सावरीत बाजरीच्या पिकात शिरला.

दुपारी पाटोद्याच्या बाजारातून भाजी-भाकरी घेऊन आम्ही माळावर एका लिंबाच्या सावलीत थांबलो. निजामी अंमलात, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा, आणि जवळचे जामखेड इंग्रजी मुलखात. परंतु माणसांच्या दप्तरांनी आखलेल्या त्या सरहद्दीपेक्षा निसर्गाने आखलेली एक सरहद्द येथे अधिक पुरातन आहे. समुद्रसपाटीपासून ८२३ मीटर उंचीवर याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा धनेगावचे धरण भरते, लातूरची तहान भागविते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून गोदावरीस मिळते. सिंदफणा आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा याच डोंगरांतून उतरून अखेर गोदावरीकडेच जातात. विंचरणा मात्र पाठ फिरवून सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाऊन भेटते. एकाच मेघातून या पठारावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब अशा रीतीने दोन निरनिराळ्या महानद्यांचे होऊन जातात.

सौताड्यास ही विंचरणा एका खोल दरीत उडी घेते. काळ्या पाषाणाच्या उभ्या कड्यावरून कोसळणारा तो प्रपात वरून पाहिला, की दृष्टी भोवंडते; आणि पायऱ्या उतरून तळाशी रामेश्वराच्या देवळापाशी गेले, की माथ्यावरचा रखरखीत माळ हा दुसऱ्याच कोणा देशाचा असावा असे वाटू लागते. तेथील ओलसर गारव्यात, तुषारांनी भिजत, आम्ही पुष्कळ वेळ निवांत बसलो.

सायंकाळी एका शेतकरी कुटुंबाची परवानगी घेऊन त्यांच्या खळ्याशेजारी मुक्काम केला. घरातील वृद्ध मावशी आमचे मोटारघर पाहावयास आत आल्या, शेगडी, भांडी, अंथरुणे त्यांनी निरखून पाहिली आणि माझ्या पत्नीस म्हणाल्या, "बाई, आमचा बी संसार असाच चाकावर असतो. दसरा झाला की मुकादम येतो, उचल घेतलेली असतीच. मग भांडी, दाणे, लेकरं, समदं गाडीत भरायचं अन् ऊस तोडायला कारखान्याला जायचं. तिथं फडाजवळ कोपी घालायची, ती पार पाडव्यापातुर."

त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण आमच्या मनात दिवसभर विखुरलेले सारे त्याने एकत्र आणले. या डोंगरांवर पडलेले पाणी ज्या दिशांनी खाली जाते, त्याच दिशांनी येथील माणसेही जातात. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांत ऊस वाढतो, आणि तो तोडण्यासाठी 'कोयता', म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, पाटोद्यासारख्या तालुक्यांतून बोलाविला जातो. चालते घर आमच्यासाठी स्वेच्छेचे सुख होते. त्यांच्यासाठी ती पोटाची सक्ती आहे.

प्रवाशांनी या मुलखात जरूर यावे, नायगावचे मोर ऐकावेत, सौताड्याची दरी उतरावी. मात्र या भूमीस नुसते दुष्काळी म्हणून तिची बोळवण करू नये, कारण जिच्या उदरातून इतक्या नद्या निघतात ती भूमी दरिद्री नव्हे, दात्री आहे. तिने सखल प्रदेशांना दिलेल्या पाण्याचा थोडा अंश बांध-बंधारे, तळी आणि झाडोरा यांच्या साहाय्याने माथ्यावरच मुरविता आला, तर दसऱ्यानंतर गाडीत भरले जाणारे संसार कमी होतील; आणि हे कार्य येथील ग्रामस्थांइतकेच, खाली राहून ते पाणी पिणाऱ्या आपणा सर्वांचे देणे आहे.