ताटावरची सत्ता

सरकारी शाळेत मुलांना वाढण्यापूर्वी ‘अक्षर दासोहा’चे अन्न शिक्षकांपैकी कोणी तरी चाखून पाहावे असा नियम आहे, आणि आमच्या शाळेत तो मान मुख्याध्यापक या नात्याने आमचा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य 100 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलामागे धान्य 150 ग्रॅम, तेल साडेसात. हा हिशेब आम्हांस मुखोद्गत आहे. मात्र संध्याकाळी कोप्पीकर रोडवरच्या गर्दीतून वाट काढीत मागच्या बोळातल्या घरी पोचलो, की आमची सारी सत्ता वहाणांबरोबर उंबरठ्याबाहेर राहते. आमच्या ताटात काय आणि किती पडावे, हे ठरविण्याचा अधिकार गेली सत्तेचाळीस वर्षे वहिनींकडे आहे.

आम्ही आठ वर्षांचे असताना आई गेली. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन या घरात आल्या. विषमज्वरातून उठल्यामुळे आमच्या बरगड्या तेव्हा मोजता येत असत. मऊ भात, वर तूप, आणि “एवढा एक घास” असे म्हणत वहिनींनी आम्हांला माणसांत आणले. थोरले बंधू आज नाहीत. स्वयंपाकघर मात्र वहिनींचेच आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षांत तुपाच्या बरणीला हात लावलेला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी वजन केले. 88 किलो. कमरेचा घेर 102 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाचा तो 90 च्या आत असावा म्हणे. रक्तातील साखरही सीमेवर येऊन उभी. घरी येऊन हे सांगताच वहिनींनी पदराला हात पुसले आणि विचारले, “म्हणजे भावजी, माझ्या हातचं खाऊन तुम्हांला रोग जडला, असंच ना?”

यावर कोणता माणूस काय बोलेल?

आम्ही थोरामोठ्यांचा आधार शोधला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळांच जेवा म्हटले आहे, हे सांगितले. वहिनींनी शेजारणीकडून ऋजुता दिवेकर तूप खा म्हणतात ही बातमी आणली. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकात तेल दहा टक्के कमी करा असे सुचविले, तेव्हा आम्ही आकाशवाणीचा आवाज मोठा केला. वहिनी म्हणाल्या, “ते तेलाविषयी बोलतायत.” ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ वाचून तरुणपणी आम्ही पोट धरून हसलो होतो. तेच पोट धरून आता विचार करीत बसलो.

अखेर आम्ही चोरीचा मार्ग पत्करला, हे लिहिताना लाज वाटते. पोळीचा अर्धा भाग हातरुमालात गुंडाळून खिशात घालू लागलो. कपडे धुवायला टाकताना तुपाचा डाग वहिनींना दिसला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्या जेवल्या मात्र नाहीत, आणि आम्ही अंथरुणावर जागे राहिलो.

सकाळी त्यांच्यासमोर पाटावर बसून आम्ही सारे कबूल केले. गणितही मांडले. दोन लहान चमचे तूप म्हणजे 10 ग्रॅम, म्हणजे नव्वद कॅलरी. तीन महिन्यांत आठ हजारांवर. आणि अंगावरच्या किलोभर चरबीत सुमारे 7,700. त्यांचे लक्ष नव्हते. शाळेतील मुलांचे पाच ग्रॅम तेल निघाले तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. “एवढ्यात पुरतं त्या लेकरांना?”

पुरावे असा हिशेब आहे, आम्ही म्हणालो. वाढत्या वयासाठी केलेला.

“आणि तुमचं वाढायचं वय सरलं, नाही का?” त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. आवाज राग आल्यासारखा नव्हता. बंधू गेल्यानंतर आम्ही तो आवाज एकदाच ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून तुपाच्या बरणीत आमचा बाळपणीचा चांदीचा चमचा आला. आमटीत वरून फोडणी पडते, तिच्याकडे आम्ही काणाडोळा करतो. सकाळी नृपतुंग बेट्ट चढतो. खाली उतरताना मिर्ची-गिरमिटाच्या गाड्यांकडे पाहत नाही. वजन आता 83. वहिनींच्या मते डॉक्टरांचा काटा बिघडला आहे.

होळीला त्यांनी अर्धीच पुरणपोळी वाढली आणि उरलेली अर्धी झाकून ठेवली. रात्री दहा वाजता दाराशी येऊन हळूच विचारले, “भावजी, झोपलात का?”