मु. पो. गालिचा

या, ओळख करून देते. हा मांजराच्या शूचा वास. पाहुणा दारात चपला काढत असतो तेव्हाच, यजमानांच्या आधी, त्याच्या स्वागताला हा पुढे होतो. घरच्यांना मात्र तो भेटत नाही. रोजच्या सहवासाने त्यांच्या नाकाने त्याची दखल घेणं सोडलेलं असतं. म्हणून "आमच्याकडे कुठे येतो वास?" असं अगदी मनापासून विचारलं जातं आणि पाहुणा चहाचा कप उगाचच नाकाशी धरून बसतो.

राहण्याच्या बाबतीत स्वारी चोखंदळ आहे. गुळगुळीत फरशीवरून त्याला ओलं फडकं हाकलून देतं, त्यामुळे तिथे त्याचा जीव रमत नाही. त्याला गालिचा लागतो आणि त्यातही टफ्टेड असेल तर तो खूश. अशा गालिच्याच्या पाठीला लॅटेक्सचा थर असतो आणि त्यावर कापडाचं अस्तर चिकटवलेलं असतं. वरून डाग बशीएवढा दिसतो, पण खाली अस्तरात हा ताटाएवढा ऐसपैस पसरलेला असतो. भदोही-मिर्झापूरकडच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला असं अस्तर नसतं. तो उलटसुलट धुता येतो, म्हणून तिथून याला उठवणं सोपं जातं.

जन्मतः हा अगदी गरीब असतो. ताज्या शूला फारसा वास नसतो. मग जिवाणू युरिया फोडायला लागतात, अमोनिया सुटतो आणि याला कंठ फुटतो. पण त्याचा खरा बाणा दिसतो तो पुढे. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि बोक्याचा तो ओळखीचा, डोक्यात जाणारा दर्प तयार होतो. हे फेलिनिन तयार होण्यात कॉक्सिन या प्रथिनाचा हात असल्याचं 2006 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. नसबंदी न केलेल्या बोक्यात ते भरपूर असतं. म्हणजे हा रुबाब घराण्यातून आलेला आहे. नसबंदी केली की तो बराच उतरतो.

उन्हाळ्यात हा झोपून असतो. मे महिन्यात घरचे निश्चिंत होतात, "गेला एकदाचा" म्हणतात. मग जूनमध्ये पहिली सर येते. गालिच्यात उरलेले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि स्वारी आळस झटकून उठते. मुंबईत, कोकणात तर गणपतीपर्यंत ती जागीच असते.

सुगंधाचं त्याला वावडं नाही. उदबत्ती लावा, रूम फ्रेशनर फवारा, तो सगळ्यांच्या गळ्यात गळा घालतो आणि खोलीत मोगरा-अधिक-बोका असं काहीतरी दरवळू लागतं. त्याच्या नादाने लोक डांबरगोळ्या टाकतात, काळं फिनाईल ओततात. कृपा करून हे करू नका. फिनॉलसारखी द्रव्यं पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात नाही. ते गालिच्यावरून चालतं, मग पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. डांबरगोळ्याही त्याला तितक्याच घातक. ब्लीच तर या वासाच्या अंगावर कधीच टाकू नये. अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू निघतो आणि तो माणसाच्याही छातीत भरतो. अमोनिया असलेलं क्लीनर वापरलंत, तर मांजराला वाटतं, आपलीच जागा, आणि ते पुन्हा तिथेच येऊन बसतं.

अंधाराची मात्र त्याला धास्ती वाटावी. दिवे मालवून अतिनील टॉर्च मारला की लपलेल्या जागा फिकट पिवळ्या-हिरव्या चमकतात. याच जातीचा वूडचा दिवा जनावरांचे डॉक्टर मांजराच्या अंगावरचं गजकर्ण शोधायला वापरतात. साबणाचे जुने डागही चमकतात, म्हणून शेवटी नाक जमिनीला लावून खात्री करावी लागते.

याला घालवायचं तर घाई आणि धीर दोन्ही लागतात. शू ताजी असताना घाई. जुना टॉवेल टाकून त्यावर उभं राहायचं, टॉवेल भिजला की दुसरा घ्यायचा. घासायचं अजिबात नाही, घासलं की हा आणखी खोल उतरतो. मग गार पाणी आणि पुन्हा टॉवेल. गरम वाफेने प्रथिनं धाग्याला धरून बसतात, तेव्हा ती टाळायची. यानंतर धीर. प्राण्यांच्या डागांसाठीचं एन्झाइमचं द्रावण मिळतं. लोक ते वरवर शिंपडतात आणि दहा मिनिटांत पुसून घेतात. शू जितकी खोल गेली तितकंच खोल ते पोचायला हवं, आणि काम होईपर्यंत ओलं राहायला हवं. म्हणून वर प्लॅस्टिक पसरून तासन् तास ठेवायचं, मग पंख्याखाली खडखडीत वाळवायचं. पाणी मिसळलेलं व्हिनेगर अमोनियाला शांत करतं, पण गंधकवाला दर्प त्याला दाद देत नाही. खायच्या सोड्याने वरवरचा वास ओढला जातो, मात्र लोकरीला आणि तिच्या रंगाला अल्कली सोसत नाही. आधी एका कोपऱ्यावर करून बघा. अस्तरात मुरलेला जुना मुक्काम असेल, तर गालिचा धुणाऱ्याकडे अस्तर काढून नवं लावून घेणं हाच मार्ग उरतो.

इतकं सगळं असूनही मला या वासाबद्दल आदर आहे, कारण तो खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं ट्रे वापरणारं मांजर अचानक गालिच्यावर बसायला लागलं, तर बहुतेक वेळा त्याचं काहीतरी दुखत असतं किंवा बिनसलेलं असतं. मूत्राशयाला सूज असेल, ट्रे घाण असेल, घरात नवं मांजर आलं असेल. लोक हा निरोप ऐकत नाहीत. मांजराचं नाक डागावर घासतात, आणि तरी ऐकलं नाही तर त्याला पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येतात. याचा मला संताप येतो. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाहीये असं दिसलं, तर गालिचा तसाच ठेवा आणि त्याच तासाला डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. डाग उद्याही काढता येईल.