ऑइल सील बसविताना

चाकणच्या कारखान्यात नव्या इंजिनाला ऑइल सील बसते, तेव्हा शाफ्ट गुळगुळीत असतो, सीलचे घर निर्मळ असते आणि यंत्राचा दाब चहूबाजूंनी सारखा पडतो. परंतु तीच गाडी लाखभर किलोमीटर धावून भोसरीतील आमच्या गॅरेजात येते, तेव्हा यांपैकी कशाचीही हमी उरलेली नसते, आणि कारखान्याने क्षणात केलेले काम आम्हाला केवळ हाताच्या अदमासाने व तपासाच्या चिकाटीने करावे लागते.

गळणारे सील उपटून तत्काळ नवे ठोकावे, हा पुष्कळ ठिकाणचा शिरस्ता मला मान्य नाही. जुने सील हा मुद्देमाल आहे. त्याची लिप कडक होऊन तडकली असेल तर उष्णतेने नायट्रिल रबराची लवचिकता नष्ट केली आहे. ती एकाच अंगाने झिजली असेल तर बेअरिंगची किंवा मध्य साधण्याची चौकशी करावी. आणि सील धडधाकट असूनही घरातून बाहेर सरकले असेल, तर ब्रीदरची नळी चोंदून क्रँककेसमध्ये दाब साचलेला असण्याचा फार संभव असतो. हे कारण कायम ठेवून बसविलेले नवे सीलही त्याच वाटेने जाणार, कारण दोष त्याचा नव्हताच.

विशेषतः क्रँकच्या मागील सीलच्या बाबतीत हयगय परवडत नाही. त्याची किंमत किरकोळ, पण त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते, आणि ते गळू लागले की तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरू लागतो. जुने सील काढताना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्रँकला लागू देऊ नये. तिथला बारीकसा ओरखडाही तेलाला बाहेरची वाट करून देतो. मी शाफ्टवरून नख आडवे फिरवतो. जुन्या लिपने पाडलेल्या खाचेत ते अडकले, तर घराची रचना अनुकूल असल्यास सील किंचित कमी-जास्त खोलीवर बसवून लिप कोऱ्या पृष्ठभागावर आणतो, अन्यथा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवितो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, रबरी लिपला इंजिन ऑइलचा हात. कारण लिप व शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा राहिला तरच ती टिकते. मग सीलच्या बाहेरच्या कडेएवढे कडे ठेवून, समोरासमोर आळीपाळीने हलके ठोके द्यावेत. सील तळाशी टेकले की ठोक्याचा आवाज भरीव होतो, आणि तिथेच हात थांबला पाहिजे.

टेफ्लॉनच्या सीलला मात्र हा तेलाचा नियम लागू नाही. ते कोरड्या, स्वच्छ शाफ्टवरच बसवावे, आणि लिप शाफ्टच्या आकाराला येईपर्यंत काही तास इंजिन सुरू करू नये. दुसऱ्या पाळीला निघालेल्या मालकास हा विलंब जाचक वाटतो, व ते स्वाभाविकही आहे. तरीही मी गाडी रात्रभर ठेवून घेतो, आणि सकाळी इंजिन पुरते तापवून, ब्रीदर मोकळा असल्याची खात्री करून, बेलहाउसिंगच्या तळाशी कापड फिरवून ते कोरडे निघाल्याखेरीज किल्ली त्याच्या हवाली करत नाही.