दीड हजार फेऱ्यांवरचा जोर

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकापाठोपाठ रस्त्याला बिलगून येतात. घरांच्या पायऱ्या जवळजवळ डांबरावर उतरलेल्या असतात, आणि समोरून पालिकेची बस आली की दोघांपैकी एकाला थांबावंच लागतं. पुढे डोंगरी, मग उत्तन, पाली, चौक. उत्तनहून गोराईकडे वळलं की केशवसृष्टीच्या बाजूचा झाडीतला रस्ता थोडा मोकळा होतो, पण सरळ असा तो फार काळ राहत नाही. शंभराचा वेग गाठायला या टापूत जागा नाही आणि गाठूही नये. तरीही छोट्या टर्बो गाडीचा स्वभाव मला याच रस्त्यावर सगळ्यात नीट कळतो. स्पोर्टी गाडीची पारख आपण कमाल अश्वशक्तीवर आणि शून्य ते शंभरच्या सेकंदांवर करत आलो आहोत. मला ती पारखच चुकीची वाटते. इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांवर किती जोर देतं, आणि तो जोर उजव्या पायाच्या हुकमात किती राहतो, हे आधी पाहायला हवं.

टर्बोमागचं यंत्रशास्त्र फार जुनं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंबरोबर इंधनाच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा फुकट जातो. त्या वायूंवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये पेटंटमध्ये मांडली. जहाजांनी आणि ट्रकांनी ती आपलीशी केली. पेट्रोल मोटारींत ती 1962 मध्ये अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्वेअर यांच्यातून आली, आणि आली ती अवखळपणे. चक्र जड असेल तर त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. पाय दाबला की आधी काहीच घडत नाही, मग सगळंच एकदम घडतं. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोची ख्याती अशीच होती. आजच्या छोट्या टर्बोचं चक्र तळहातावर मावेल एवढं असतं, मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकतं, आणि वजन कमी असल्यामुळे फार लवकर जागं होतं. मोठं चक्र वरच्या फेऱ्यांवर जास्त ताकद देतं, लहान चक्र खालच्या फेऱ्यांवर लवकर. कुठलं निवडायचं हे ठरवताना अभियंता गाडीचा स्वभावच ठरवत असतो.

महाराष्ट्रात बनलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हा फरक स्पष्ट दिसतो. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली: 1197 सीसी, 105 अश्वशक्ती आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. याच पोलोत जवळपास तेवढ्याच आकाराचं साधं, बिनटर्बोचं इंजिनही मिळत असे. त्याची शक्ती 75 आणि टॉर्क 110. शक्तीतली वाढ चाळीस टक्के, टॉर्कमधली त्याच्या दीडपट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साध्या इंजिनाला तो 110 चा टॉर्क गाठायला 3750 फेऱ्या लागत, टर्बोचा पूर्ण टॉर्क 1500 वरच हजर होई आणि चार हजारांच्या पुढपर्यंत टिकून राही. मोर्व्याच्या वळणावर बसला वाट देऊन पुन्हा निघताना इंजिन नेमकं या दीड-दोन हजारांच्या टप्प्यात असतं. तिथे साधी गाडी खालचा गिअर मागते, आवाज करते, आणि मग कुठे हलते. टर्बो गाडी नुसत्या पायाच्या इशाऱ्यावर, गुपचूप पुढे सरकते. दुसरी गाडी रांजणगावची. फियाट अबार्थ पुंटो 2015 च्या ऑक्टोबरात दहा लाखांच्या किंचित आत विकायला आली. 1368 सीसी, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन-मीटर. आकड्यांत ती पोलोला सहज मागे टाकते, पण तिचा जोर दोन हजारांच्या पुढे आणि उसळी मारून येतो. गोराईच्या बाजूला रस्ता मोकळा झाला की ती उसळी आनंदाची असते. गावातून जाताना मात्र पाय आखडता घ्यावा लागतो, कारण मागितलं त्यापेक्षा जास्त हातात पडण्याची धास्ती असते. स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र मी पुंटोच्या बाजूने उभा राहीन. तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण टायरखाली काय चाललं आहे ते तळहातांना सांगतं. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक. पोलोचं इंजिन आणि पुंटोचं स्टिअरिंग एका गाडीत कुणी बसवलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बिनटर्बोच्या इंजिनाचे चाहते यावर म्हणतील की पाय आणि चाक यांच्यातलं नातं टर्बो गढूळ करतो. साध्या इंजिनात पाय जेवढा दाबाल तेवढाच, त्याच क्षणी प्रतिसाद मिळतो. फेऱ्या चढत जातात तसा आवाज चढतो, आणि ताकद शेवटच्या हजार फेऱ्यांत शिगेला पोहोचते. या आक्षेपातला आवाजाचा भाग मला मान्य आहे. टर्बोचं चक्र धुराड्याचा आवाज गिळतं आणि पाच हजारांनंतर छोट्या टर्बो इंजिनाचा दम सरतो. पण तो शिगेचा आनंद सहा-सात हजार फेऱ्यांवर असतो, आणि तिथे पोहोचायला लागणारा रस्ता उत्तनला नाही, ठाण्याला नाही, आपल्या बहुतेक गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवरही नाही. जे इंजिन आपला उत्तम गुण केवळ धोकादायक वेगात दाखवतं, त्याला रस्त्यावरच्या गाडीसाठी उत्तम म्हणायला मी तयार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रस्त्याच्या कडेने बाजारातून परतणाऱ्या कोळिणी, शाळेची मुलं, वाळत घातलेले बोंबील असताना अशा गाडीची इथे गरजच काय? गरज वेगाची नसतेच. चांगल्या टर्बो गाडीत इंजिनाच्या फेऱ्या चढवत राहावं लागत नाही. थांबून पुन्हा निघण्याचा कंटाळा येत नाही, म्हणून थांबायला मन तयार असतं. घट्ट सस्पेन्शन, नेमके ब्रेक आणि रुंद टायर हे सगळं ताशी तीस-चाळीसच्या वेगातही उपयोगाचं असतं. बेदरकारपणा चालवणाऱ्यात असतो, आणि तो आठशे सीसीच्या गाडीतही असू शकतो.

टिकाऊपणाची शंका मात्र नुसत्या युक्तिवादाने सुटणारी नाही. उत्तनच्या हवेत उष्णता, दमटपणा आणि मीठ तिन्ही आहेत. तेहेतीस अंशांची हवा वातावरणाच्या पावणेदोन पटीपर्यंत दाबली की तिचं तापमान शंभर अंशांच्या वर जातं. गरम हवा विरळ असते आणि इंजिनात अवेळी स्फोट घडवू शकते, म्हणून तिला इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. सावकाश रेंगाळणाऱ्या वाहतुकीत इंटरकूलरवरून वारा कमी जातो, आणि जिथे तो बंपरमागे खाली बसवलेला असतो तिथे खारट धूळ आणि चिखल त्याच्या पातळ पात्यांत जाऊन बसतात. पावसाळ्यानंतर तो पुढूनच हलक्या पाण्याने धुऊन घ्यावा. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळे ऑइल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं आणि वेळेवर बदललेलं हवं. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता क्षणभर चालू ठेवावं. वरच्या गिअरमध्ये हजार-बाराशे फेऱ्यांवर पूर्ण पाय दाबून इंजिनाला रगडू नये, कारण छोट्या टर्बो इंजिनांचं खरं नुकसान तिथे होतं. गिअरबॉक्सचंही तसंच. पहिल्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक डीएसजी होता. तो मोकळ्या रस्त्यावर विजेसारखा गिअर बदलतो, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या गर्दीत कोरडा क्लच घसटत राहतो आणि तापतो. 2020 मध्ये पोलोला एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं तेव्हा ऑटोमॅटिकसाठी साधा टॉर्क कन्व्हर्टर घेतला गेला. आपल्या वाहतुकीसाठी तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

इंजिनाबद्दल एवढं पुरे; आता कूपे, म्हणजे बसक्या, दोन दारांच्या गाडीच्या देहाबद्दल. बसकं छप्पर आणि दोनच दारं यांचा उपयोग नुसता दिसण्यापुरता नाही. वजन खाली राहतं, वळणावर गाडी कमी झुकते आणि त्यामुळे सस्पेन्शन फार कडक ठेवावं लागत नाही. आपल्याकडे या जातीच्या सगळ्यात जवळ आली ती 2016 ची पोलो जीटीआय: मागचं धरून तीन दारं, 1.8 लिटर टर्बो, 192 अश्वशक्ती. पण ती बाहेरून आयात केलेली, जवळपास सव्वीस लाखांची आणि मोजून 99 गाड्यांपुरतीच. रांजणगावला बनणारी टाटा कर्व्ह मागून उतरत्या छपराची आहे आणि तिचं 1.2 लिटर टर्बो पेट्रोल इंजिन 225 न्यूटन-मीटर देतं. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुकाचंच आहे, पण उंच एसयूव्हीच्या अंगावर चढवलेल्या उतरत्या छपराने वजन खाली येत नाही. दोन दारांची गाडी इथे खपत नाही असं म्हणतात. करांनी तिला कधी संधी दिली का, हेही विचारायला हवं. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी स्वस्त कराच्या कक्षेत आली. पोलोचं 1197 सीसीचं इंजिन त्या मर्यादेत बसलं, अबार्थचं 1368 सीसीचं बसलं नाही. सप्टेंबर 2025 पासून हा फरक 18 टक्के आणि 40 टक्के असा आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप विजेचा. कमी फेऱ्यांवरचा जोर हीच कसोटी असेल तर विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, मग टर्बो कशाला? हे खरंच आहे, आणि जोराच्या बाबतीत टर्बोने हार मानावी. पण बॅटरी काही क्विंटल वजन गाडीवर लादते, आणि ते वजन प्रत्येक ब्रेकवर, प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात सोबत असतं. पोलो जीटी अकराशे किलोच्या आसपास होती. त्या हलकेपणाला आज तरी विजेच्या गाडीकडे उत्तर नाही. म्हणून पुणे परिसरातल्या कारखान्यांकडून मला हवी आहे ती अशी गाडी: चार मीटरच्या आत, दोन दारांची, बाराशे सीसीच्या आतलं टर्बो, 1500 फेऱ्यांवर पावणेदोनशे न्यूटन-मीटर, हजार-अकराशे किलो वजन, सहा गिअरचा हाताचा गिअरबॉक्स, मुर्ध्याच्या गतिरोधकांवर पोट न घासणारी उंची, आणि तळाला समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकणारा जाड लेप.