पावलाखालची थरथर

कोकणाची सखल भूमी जेथे संपते आणि देशाची उंच भूमी जेथे सुरू होते, तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर खंडाळा व लोणावळा ही गावे वसली आहेत. घाटाच्या पायथ्याची खोपोली समुद्रसपाटीपासून १०० मीटरांहूनही कमी उंचीवर आहे. लोणावळा ६०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. या दोहोंना जोडणारा चढ म्हणजे बोरघाट. पावसाळ्यात येथील कडे ढगांत बुडून जातात, प्रवासी गाडीच्या काचा खाली करून धबधबे न्याहाळतात आणि लोणावळ्यात पोहोचल्यावर चिक्कीचा पुडा घेऊन संतुष्ट होतात. परंतु याच चढावर गाडी हाकणाऱ्या मनुष्याचे लक्ष धबधब्याकडे नसते. ते त्याच्या पावलांत एकवटलेले असते.

या घाटाने प्रत्येक काळाच्या वाहनाची कसोटी पाहिली आहे. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्यास नेण्यासाठी निघालेल्या इंग्रज फौजेला आपल्या तोफा या चढावरून वर आणताना हजारो बैल जुंपावे लागले. तिची गती इतकी मंदावली की, १७७९ च्या जानेवारीत वडगाव मावळ येथे मराठ्यांनी तिला पुरते कोंडीत पकडले. पुढे १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, चाकांच्या वाहनांसाठी घाटातून रस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी हा चढ चढू लागली. लोहमार्ग येथे काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर चढतो. म्हणून आजही कर्जत स्थानकात अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तरीही जुन्या रस्त्याने जाणारे कित्येक चालक शिंग्रोबाच्या देवळापाशी क्षणभर थबकतात, एखादे नाणे वाहतात आणि मगच पुढे जातात. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे. त्या धनगराचे हे स्थान मानले जाते. जो वाट दाखवितो त्याला वाटसरूने विसरू नये, ही भावना त्या नाण्यामागे आहे.

बैलगाडीच्या काळी चढावर बैलांची छाती भरून येई. मोटारीच्या काळात तो भार एका लहानशा अवयवावर येऊन पडला. त्या अवयवाचे नाव क्लच. इंजीन एकदा सुरू झाले की सतत फिरत राहते. चाके मात्र कधी थांबतात, कधी फिरतात. या दोघांचे नाते जोडणे आणि सोडणे हे क्लचचे काम. फिरत्या चाकावर हलकेच तळहात टेकवावा, म्हणजे प्रथम हात घसरतो. दाब वाढविला की तो चाकाबरोबर ओढला जातो. क्लचची रीत हीच आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून दोन्ही बाजूंनी खरबरीत अस्तर लावलेली क्लच प्लेट असते आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटच्या मध्यभागी, फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे, पोलादी स्प्रिंगची बोटे वर्तुळाकार मांडलेली असतात. चालकाने पेडल दाबले की एक बेअरिंग या बोटांवर टेकते, बोटे आत जातात, दाब सुटतो आणि इंजीन व चाके यांची फारकत होते. पेडल सोडले की दाब परत येतो.

घाटात गाड्यांची रांग लागली की अनेकांना एक वाईट सवय जडते. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून हातब्रेक ओढण्याऐवजी ते पेडल अर्धवट दाबून गाडी तोलून धरतात. या हाफ क्लचमध्ये प्लेट पूर्ण चिकटलेली नसते आणि पूर्ण सुटलेलीही नसते. ती घासत राहते. थोड्याच वेळात जळका, उग्र वास सुटतो. सुटीच्या दिवशी खंडाळ्याच्या चढावर हा वास कोणालाही ओळखता येईल. असे वारंवार झाले की अस्तर झिजते आणि क्लच बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

क्लच बदलला की दुखणे सरले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि कधीकधी नवे दुखणे तेथूनच सुरू होते. पवन मावळातून गुलाबाच्या पेट्या मुंबईस नेणारा एखादा पिकअपवाला चार दिवसांपूर्वी नवा क्लच बसवून घेतो आणि पुन्हा त्याच दुरुस्तीच्या दारात येऊन उभा राहतो. गाडी ओढते, गिअर पडतात. परंतु पेडलवर पाय ठेवला की तळव्याला बारीक थरथर जाणवते. त्याने उसनवारी करून पैसे भरलेले असतात. पहाटे फुले पोहोचली नाहीत तर ती कवडीमोल होतात, हे त्याला ठाऊक असते. भर घाटात, मागे अवजड ट्रक असताना, क्लचने दगा दिला तर काय होईल, हेही त्याला ठाऊक असते. तो अजिजीने म्हणतो, "वस्ताद, नवा क्लच आहे, तरी पाय थरथरतोय. काय असेल?"

या प्रश्नाला एक फार सोपे उत्तर आहे. "नवीन आहे, बसेल हळूहळू." हे उत्तर दिले की गिऱ्हाईक निघून जाते, दिवस वाचतो आणि झाकली मूठ झाकलेली राहते. कारण क्लच पुन्हा पाहावयाचा म्हणजे गाडी घोडीवर चढवून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या श्रमांचे दाम कोणी देत नाही. कारागिराची परीक्षा होते ती अशा क्षणी. जो खरा वस्ताद असतो तो हातातला चहा बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "दादा, खाली उतरा. जरा मला बसू द्या."

तो लगेच पाना उचलत नाही. आधी तो इंजीन बंद ठेवून पेडल दाबून पाहतो. ते गुळगुळीत चालते. यावरून पेडलचा सांधा आणि केबल अडत नाही, हे कळते. जी थरथर आहे ती फिरणाऱ्या भागातून येते. मग तो गाडी उभीच ठेवून इंजीन सुरू करतो. थरथर लगेच हजर होते. चाके फिरत नसताना ती येते, तेव्हा चाकांकडे जाणारे सगळे भाग निर्दोष ठरतात. तो इंजिनाचा वेग थोडा वाढवितो. थरथरही तितकीच जलद होते. मिनिटाला ८०० फेरे घेणारे इंजीन सेकंदाला १३ हून अधिक फेरे घेते. १५०० फेऱ्यांना तोच आकडा २५ होतो. फेऱ्यागणिक एक धक्का बसत असला, तर पावलाला तो वेगळा न कळता थरथर म्हणूनच कळतो. म्हणजे दोष इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे.

आता तो पाय अगदी हलका करतो. पेडल दाबताना आरंभी थोडी ढील असते. तेवढ्या अंतरात बेअरिंग बोटांना टेकलेले नसते. त्या ढिलीत पाऊल शांत असते. ढील संपते, बेअरिंग बोटांना स्पर्श करते आणि त्याच क्षणी थरथर सुरू होते. ही खूण फार बोलकी असते. मग तो कान देऊन ऐकतो. पेडल दाबल्यावर खरखर नाही. म्हणजे बेअरिंग कोरडे पडलेले नाही. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये घरघर नाही. म्हणजे गिअरबॉक्सची बेअरिंगे ठीक आहेत. गाडी हळूच पुढे घेताना तिला हिसके बसत नाहीत. म्हणजे प्लेटला तेल लागलेले नाही आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही बरा आहे. इंजिनाखालचे रबरी आधार तो हाताने हलवून पाहतो. केबल कोठे इंजिनाला घासत तर नाही ना, हे पाहतो. शेवटी तो गाडीखाली सरकतो. पेडल किंचित दाबून धरावयास सांगून, गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या फोर्कच्या टोकाकडे विजेरीच्या प्रकाशात निरखून पाहतो. ते टोक बारीक बारीक पुढेमागे होत असते. वैद्याने नाडी धरावी तसे तो त्यावर बोट ठेवतो आणि बाहेर येऊन म्हणतो, "बोटं एका पातळीत नाहीत. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

येथवर एकही बोल्ट सैल झालेला नसतो. दोन पायांनी, दोन कानांनी आणि एका बोटाने निदान झालेले असते. ज्यांना घाई असते ते प्रथम बेअरिंग बदलतात, मग केबल बदलतात, मग प्लेट बदलतात. प्रत्येक वेळी गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि थरथर मात्र जागेवरच राहते. अंदाज आणि निदान यांत हाच भेद आहे. अंदाजाचे मोल दुसऱ्याच्या खिशातून जाते. निदानाला आपला वेळ आणि आपले लक्ष खर्ची घालावे लागते.

गिअरबॉक्स उतरतो. हाताखालचा पोरगा सवयीने आतली काळी धूळ फुंकावयास वाकतो, तोच वस्ताद त्याला मागे ओढतो. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ही धूळ ओल्या फडक्याने पुसावी, हा त्याचा नियम असतो. नंतर तो प्रेशर प्लेटवर सरळ पट्टी धरतो आणि बोटांच्या उंचीत किती अंतर आहे ते फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतो. एका बाजूची बोटे खाली, समोरची वर. प्रेशर प्लेटच्या कवचाची कड एके ठिकाणी किंचित वाकलेली दिसते. कारण स्पष्ट होते. बोल्ट बसविताना एकाच बाजूचा बोल्ट प्रथम पूर्ण आवळला गेला, मग त्याच्या शेजारचा. स्प्रिंगचा जोर एकीकडे साचला आणि कवच वाकडे बसले. ते बोल्ट समोरासमोरचे घेऊन, थोडे थोडे, सर्वांना सारखा न्याय देत आवळावयाचे असतात.

पोरगा खाली मान घालून उभा असतो. त्या दिवशी बोल्ट त्यानेच आवळलेले असतात आणि घरी जाण्याची घाई त्याला झालेली असते. कोणी विचारलेले नसताना तो हळूच म्हणतो, "वस्ताद, ते मीच आवळले होते. ओळीनं आवळत गेलो." वस्ताद त्याच्याकडे क्षणभर पाहतो. गिऱ्हाईक समोर उभे असते. त्या क्षणी पोराला चार शब्द सुनावले असते, तर त्याची स्वतःची अब्रू सहज वाचली असती. तो गिऱ्हाईकाकडे वळून इतकेच म्हणतो, "चूक आमच्या दुकानाची आहे, दादा. नवी प्रेशर प्लेट आमच्या पैशानं बसेल. रात्री गाडी घेऊन जा." आणि पाना तो त्या पोराच्याच हातात देतो.

या वेळी पोरगा खालीवर, उजवीडावीकडे, समोरासमोरचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा आवळतो. प्रत्येक फेऱ्यानंतर तो थांबून पाहतो. रात्री पिकअपवाला गाडीत बसतो, पेडलवर पाऊल ठेवतो, आणि त्याच्या कपाळावरची आठी सरळ होते. पहाटे गुलाब वेळेवर मुंबईस पोहोचतात. बाजारात ती फुले घेणाऱ्यांना या सगळ्याचा पत्ताही नसतो.

मनुष्याच्या व्यवहारातही अशा थरथरी अनेकदा पायाखाली जाणवतात. घरात कोणी कारण नसताना चिडू लागते, वर्गातील हुशार मुलगा अचानक मागे पडतो, गावच्या कामात पूर्वीचे मन राहत नाही. पेडल जसे केवळ निरोप आणणारे असते, तसेच हे प्रसंग असतात. मूळ कारण आत, दृष्टीआड, कोठेतरी वाकडे बसलेले असते. जो पेडललाच दोष देतो, तो ते बदलून पाहतो आणि थकतो. जो पाऊल हलके करून, कान देऊन, एकेक निर्दोष भाग बाजूला सारीत जातो, त्यालाच दोषाचे घर सापडते. आणि ते घर आपल्याच दुकानात निघाले, तर तसे सांगण्याचे धैर्यही त्याच्यापाशी असावे लागते. बोरघाटाचा चढ रोज शेकडो गाड्या चढून जातात, त्या केवळ इंजिनाच्या बळावर नव्हे. रस्त्याकडेच्या काळवंडलेल्या हातांनी बोल्ट सारखे आवळलेले असतात, म्हणूनही त्या चढतात.